खोकला, बाजू चौथी

पेवात उतरण्याआधी कंदील सोडतात खाली.
विझला, तर आत हवा नाही; थांबायचं.
तेवत राहिला, तर माणूस उतरतो
कमरेला दोर बांधून, हळदीच्या अंधारात.
आप्पा रेकॉर्डवर सुई ठेवायचे, ती अशीच:
श्वास धरून,
आत कुणी जिवंत आहे का बघत.

भूपाल मगदूम, हरिपूर. पेवांवरचा मुकादम.
मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातला एक डॉक्टर
गाशा गुंडाळून मायदेशी निघाला,
त्याच्या सामानाच्या लिलावात
आप्पा गेले होते खरं तर लोखंडी खाटेसाठी.
खाट दुसऱ्यानं नेली.
आप्पा आले सायकलच्या कॅरियरला फोनो बांधून
आणि एक पेटी. तीन तबकड्या, सहा बाजू,
झाकणावर एक ढेरपोट्या, केसांचा टोप तिरका.
इटलीतलं हसायचं संगीत नाटक,
एवढंच डॉक्टर म्हणाला होता.
शब्दांचं पुस्तक होतं सोबत,
ते कसरीनं आधीच वाचून संपवलेलं.

मग गोष्ट आप्पांनीच रचली.
जाड आवाजाचा तो अडत्या; बोलतो बघा कसा भरभर,
यार्डात राजापुरीचा भाव पुकारल्यागत.
बारीक आवाजाचा तो हुंडेकऱ्याचा पोरगा,
खिशात दमडी नाही, सगळी इस्टेट गळ्यात.
आणि ती पोरगी, अडत्याच्या ताब्यातली,
दोघांनाही रुमालाखाली वेगवेगळी बोटं दाबणारी.
शेवटी सहाजण एकदम गातात, सहांच्या सहा कैफियती,
कुणी कुणाला गप्प बस म्हणत नाही.
घर असं पाहिजे, आप्पा म्हणायचे.
आमच्यात दोघं बोलली तरी वाटण्या व्हायच्या.

चौथ्या बाजूला ती पोरगी एकटीच रडायची.
तिच्या मागून बासरीसारखं काहीतरी चालायचं,
पावलात पाऊल टाकत.
तिथं आमची अव्वा चुलीवरचं उतरवून ठेवायची,
पदर डोळ्याला. रोज नाही, पण बहुतेक.
आणि अगदी तिथंच, सूर वर टेकायच्या वेळी,
तिकडच्या थिएटरात कुणीतरी खोकायचा.
दोनदा, दाबून. मग एकदा, न दाबता.
आप्पा मान खाली घालून म्हणायचे,
पाणी द्या की रं त्याला.
प्रत्येक वेळी. आम्हीही प्रत्येक वेळी हसायचो.

आप्पा गेले. नंतरच्या पुरात पेवं गेली,
गल्लीला महिनाभर कुजल्या हळदीचा वास.
तबकड्या धुऊन पत्र्यावर वाळत घातल्या
त्या मीच, अडाण्यागत;
उन्हानं त्यांचे पापड केले.

परवा भाच्यानं फोनवर काढून दिलं तेच नाटक,
दुसऱ्या मंडळींचं. खाली अर्थ पळत होता.
अडत्या निघाला नोटरी.
हुंडेकऱ्याचा पोरगा, पलटणीतून पळून आलेला.
आणि ती रडत नव्हतीच.
ती रडण्याची तालीम करत होती,
म्हाताऱ्याकडून किल्ली काढायची म्हणून,
मधेच आरशाला विचारत,
नाक पुरेसं लाल झालंय ना.

मी अव्वाकडं बघितलं. ऐंशीच्या पुढची,
शेंगा फोडत बसलेली.
"ठाऊक होतं मला," ती म्हणाली.
"खरं रडताना एवढा दम पुरतोय व्हय?"
"मग तू का रडायचीस?"
तिनं एक शेंग फोडली, किडकी निघाली, टाकली.
"तेवढंच निमित्त घावायचं."

सूर वर गेला. टेकला.
थिएटर धुतल्यासारखं स्वच्छ. कुणी खोकलं नाही.
तरी आम्ही दोघी थांबलो जराशा,
पेवाच्या तोंडाशी बसून
दोर हलायची वाट बघतात तशा.
मग अव्वानंच घसा खाकरला,
दोनदा, दाबून,
आणि तांब्या माझ्याच हाताशी होता.